ओस्टरसुंदचं यामट्ली म्युझियम – उन्हाळ्यातच जा आणि अख्खा दिवस ठेवा

साडेचार स्टार. अर्धा कापलाय तो फक्त अंतरासाठी, त्यात म्युझियमची काही चूक नाही.

आपली मंडळी स्वीडनला आली की स्टॉकहोम बघतात, फार हौस असेल तर नॉर्दर्न लाइट्ससाठी थेट वर किरुनाला जातात आणि मधला नॉर्वेच्या बॉर्डरला लागून असलेला डोंगराळ पट्टा राहूनच जातो. येम्तलांद आणि त्याच्या दक्षिणेचा हेर्येदालेन, हे दोन जुने प्रांत मिळून आजचा जिल्हा होतो (थोडं इकडेतिकडे धरून). क्षेत्रफळ 49 हजार चौरस किलोमीटरच्या आसपास, म्हणजे आपले तीन पुणे जिल्हे आरामात मावतील, आणि लोकवस्ती किती तर साधारण 1 लाख 30 हजार! तेवढी माणसं आपल्याकडे एखाद्या उपनगरात असतात. ओस्टरसुंद हे एवढंच काय ते येम्तलांदमधलं शहर, हेर्येदालेनमध्ये तर आजवर एकही शहर झालं नाही. स्टॉकहोमहून ट्रेनने पाच-साडेपाच तास धरा.

यामट्ली म्हणजे इनडोअर म्युझियम प्लस मोठं ओपन-एअर, 1912 पासूनचं. गावोगावची जुनी लाकडी घरं, गोठे, कोठारं उचलून आणून परत उभी केलीत. उन्हाळ्यात या घरांत त्या-त्या काळातले कपडे घालून माणसं वावरत असतात, चूल पेटवतात, कामं करतात, तुमच्याशी त्या काळातलेच असल्यासारखं बोलतात आणि मुलांना हातात काम देतात. आमचा मुलगा एरवी म्युझियम म्हटलं की तोंड वाकडं करतो, तो इथून हलायला तयार नव्हता. बाकीच्या सीझनमध्ये हा सगळा खेळ नसतो, त्यामुळे काय चालू आहे ते बघून मगच तिकिटं काढा. ख्रिसमसच्या आधी जत्रा असते ती वेगळी.

पण मला जास्त आवडलं ते हे की हा प्रांत नक्की कुणाचा, हा प्रश्न सगळीकडे मागे चालू राहतो. नकाशा बघितलात तर कळेल. मधोमध स्टूरशोन नावाचं प्रचंड तळं, स्वीडनमधलं पाचव्या नंबरचं, त्याच्याभोवतीची माती चुनखडीची आणि सुपीक, म्हणून इतक्या उत्तरेला (63 अक्षांशाच्या वर!) पूर्वीपासून शेती होत आली. पूर्वेला आणि दक्षिणेला नुसतं जंगल. पश्चिमेला डोंगर आहेत खरे पण त्यांच्यातल्या खिंडी फार उंच नाहीत, पलीकडे उतरलं की नॉर्वेचं ट्रोंडहाइम शहर आणि समुद्र. मग शेतकरी व्यापार कुठे करणार? हिवाळ्यात बर्फावरून घोड्यांच्या घसरगाड्या घेऊन नॉर्वेच्या लेवांगरच्या बाजाराला. डोंगर आडवा येतो असं आपल्याला वाटतं, इथे जंगल आडवं येत होतं.

राजकारण पण तसंच. 1178 मध्ये नॉर्वेच्या स्वेरे राजाने स्टूरशोनच्या गोठलेल्या तळ्यावर येम्त लोकांना हरवलं (सागेत, म्हणजे तिकडच्या जुन्या कथाग्रंथात लिहिलंय की अंधारात ते आपसातच लढत बसले), तेव्हापासून प्रांत नॉर्वेचा, पण चर्चचा कारभार मात्र पुढे कित्येक शतकं स्वीडनच्या उप्सालाकडून. मग डेन्मार्क-नॉर्वे आणि स्वीडनच्या युद्धांमध्ये कधी इकडे कधी तिकडे, आणि शेवटी 1645 च्या ब्रोम्सेब्रोच्या तहात येम्तलांद आणि हेर्येदालेन दोन्ही स्वीडनला गेले. ओस्टरसुंद तर त्यानंतर जवळजवळ दीडशे वर्षांनी, 1786 मध्ये गुस्ताव तिसऱ्याने वसवलं, हेतू हा की शेतकऱ्यांचा व्यापार शहरातून व्हावा आणि त्यावर कर बसावा. शेतकऱ्यांनी काय केलं? शहराकडे दुर्लक्ष केलं आणि जात राहिले लेवांगरला. मला हे फार आवडलं :)

1718 मध्ये स्वीडनचा राजा बारावा कार्ल नॉर्वेत गोळी लागून मेला आणि त्याच्या जनरल आर्मफेल्टची फौज ट्रोंडहाइमकडून याच डोंगरांतून परत निघाली. 1719 च्या नवीन वर्षाच्या सुमाराला हिमवादळात सापडून जवळपास 3000 सैनिक गारठून मेले. ओरेला स्कीइंगला जाता ना, तिथून थोडं पश्चिमेला हांडोल गावात त्यांचं स्मारक आहे.

आता ज्याच्यासाठी मी मुळात गेले होते ते, म्हणजे ओवरहोगदालचे विणलेले पडदे. 1909-10 च्या सुमाराला ओवरहोगदालच्या चर्चमध्ये एका खोलीत जुन्या चिंध्यांसारखे पडलेले सापडले. कार्बन डेटिंगनुसार काळ साधारण 1040 ते 1170. लिननच्या कापडावर रंगीत लोकरीने विणलेले घोडे, हरणं, माणसं, जहाजं, मध्ये झाड, आणि बहुतेक सगळे एकाच दिशेला निघालेत. एक घोडा आठ पायांचा आहे, तो ख्रिस्ती धर्माच्या आधीच्या ओडिन देवाचा असं काही जण म्हणतात, पण त्याच कापडावर चर्चसारख्या इमारती पण दिसतात. म्हणजे जगाचा अंत दाखवलाय की ख्रिस्ती धर्म येताना दाखवलाय यावर एकमत नाही. खोलीत उजेड मुद्दाम कमी ठेवलाय, नाहीतर रंग उडतील, त्यामुळे आत गेल्यावर डोळे सरावेपर्यंत घाई करू नका. लोक दोन मिनिटांत फोटो काढून बाहेर पडत होते, त्यांनी काय बघितलं देव जाणे.

मुलांसाठी स्टूरशोन तळ्यात राहतो म्हणतात त्या राक्षसाचा भाग. 1894 मध्ये त्याला पकडायला चक्क कंपनी काढली होती, राजा ऑस्कर दुसरा पण त्यात सामील, आणि त्यांचे सापळे-भाले इथे ठेवलेत. पुढे 1986 मध्ये जिल्हा प्रशासनाने या प्राण्याला संरक्षण दिलं, मारायचं नाही, पकडायचं नाही, अंडी पण घ्यायची नाहीत! मग कोणीतरी खरंच अंडी गोळा करायची परवानगी मागितली, प्रकरण वर गेलं आणि 2005 मध्ये आदेश मागे घेतला. सरकारी कामात विनोद करायला हिंमत लागते.

सासूबाई सोबत होत्या, त्यांना सगळ्यात जास्त आवडलं ते उन्हाळी कुरणावरचं घर. उन्हाळ्यात गायी-शेळ्या डोंगरावर न्यायच्या आणि तिथे बायकांनीच राहून दूध, लोणी, चीज सगळं करायचं, गुरांना उंच आवाजात गाऊन बोलवायचं. मी हे सांगितल्यावर म्हणाल्या, "म्हणजे इथेही पुरुषांना दूधदुभतं जमत नव्हतं होय गं?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि नवऱ्याकडे तर नव्हतंच.

सामी लोकांचा विषय मात्र घाईत उरकू नका. सामी म्हणजे इथले मूळ रहिवासी. हे दक्षिण सामी, त्यांच्या भाषेत ओस्टरसुंदला स्तारे म्हणतात, रेनडिअर पाळणारे. 1918 मध्ये स्वीडनमधल्या सामींची पहिली देशव्यापी सभा याच शहरात झाली. त्यांचं गाल्तिये नावाचं केंद्र पण शहरातच आहे, ते जोडून करा.

खाण्याचं म्हणाल तर ओस्टरसुंद 2010 पासून युनेस्कोचं गॅस्ट्रॉनॉमी (म्हणजे खाद्यसंस्कृतीचं) शहर आहे, पण शाकाहारी असाल तर फार आशा ठेवू नका. शहरात एका ठिकाणी (नाव घेत नाही) व्हेज म्हणून जे आलं त्यात मांसाचे तुकडे होते, विचारल्यावर म्हणे थोडंसंच आहे. आम्ही मग इथली पातळ ब्रेड आणि शेळीचं मुरवलेलं चीज घेऊन बाकावर बसून खाल्लं, ते झकास.

दुसरा दिवस असेल तर फ्रोसोन बेटावर जा, पूल ओलांडला की झालं. तिथला रुनस्टोन (जुन्या रुन लिपीतला शिलालेख) अकराव्या शतकातला, त्यावर ऑस्टमान नावाच्या माणसाने पूल बांधला आणि येम्तलांद ख्रिस्ती केलं असं कोरलंय. बेटावरच्या चर्चखाली 1984 मध्ये खणलं तर बरोबर वेदीच्या खाली बर्च झाडाचा बुंधा आणि अस्वलांची हाडं निघाली, म्हणजे आधी तिथे जुन्या देवांची पूजा होत असणार. गाडी असेल तर पूर्वेला रागुंडाचा मेलेला धबधबा. लाकूड वाहून न्यायला धबधब्याला वळसा घालून कालवा खणत होते, 1796 च्या जूनमध्ये पुराच्या पाण्याने वाळूचा बांध फोडला आणि अख्खं तळं चार तासांत रिकामं, धबधबा कायमचा कोरडा. काम करवून घेणारा मागनुस हुस पुढच्याच वर्षी नदीत बुडून मेला. तळाच्या गाळाचे वार्षिक थर मोजून नंतर शास्त्रज्ञांनी हिमयुगाचा बर्फ इथून कधी वितळला त्याचा हिशोब लावला. खडकांवरून लाकडी वाट आहे, पाऊस असेल तर घसरते, सासूबाईंसारख्या कुणाला नेणार असाल तर चांगले बूट घालायला सांगा.