अंगावर पिणाऱ्या बाळासाठी बाटली घेताना माझे 7,979 रुपये गेले, तुमचे घालवू नका

चार दिवस लिहू की नको करत होते, कारण घरात सासूबाईंना अजून पूर्ण आकडा सांगितलेला नाही. पण काल ऑफिसातल्या एका मुलीने, तिची डिलिव्हरी पुढच्या महिन्यात आहे, मला जिने फसवलं तीच रील दाखवली आणि विचारलं ही बाटली घेऊन ठेवू का गं. अंगाचा नुसता संताप झाला, म्हणून लिहितेय.

आम्ही डिचोलीला राहतो, माझं ऑफिस पणजीत. 26 आठवड्यांची रजा, त्यातले चार आठवडे डिलिव्हरीच्या आधीच गेले, त्यामुळे चवथ (गणेश चतुर्थी) झाली की सोमवारी रुजू व्हायचं होतं आणि लेक तेव्हा जेमतेम पाच महिन्यांची. पूर्ण अंगावर पिणारी. बाटली तोंडाजवळ नेली की जिभेने ढकलायची, मान फिरवायची आणि मग रडून रडून लाल. सकाळच्या कदंबा बसने गेले की संध्याकाळपर्यंत हिच्या पोटात काय जाणार, याच विचाराने झोप उडालेली. त्यात फोनवर ही रील. "आईसारखंच निपल, बाळ घेणारच, नाहीतर पैसे परत."

मेसेज केला तर पाच मिनिटांत एका बाईचा फोन. अस्सल मराठी, ताई ताई करत, मी लॅक्टेशन कन्सल्टंट, म्हणजे अंगावर पाजण्याबद्दल सल्ला देणारी, आहे म्हणाली. बाळाचं वजन किती, रात्री किती वेळा उठते, तुम्हाला चिरा पडल्यात का, दुखतं का, सगळं विचारलं. पाच महिन्यांत मला हे कुणी विचारलं नव्हतं हो. लोक म्हणतात शिकलेल्या बायका कशा फसतात, तर अशा फसतात. मग घाबरवलं, साधी बाटली दिलीत तर कन्फ्युजन होईल, परत अंगावर घेणारच नाही. दोन बाटल्या आणि चार निपल, छापील किंमत 6,200, "मदर ऑफर" मध्ये 3,740. कॅश ऑन डिलिव्हरी नाही, कारण बाळाची वस्तू, हायजीन. मला ते पटलं! मी भरले.

इथेच थांबायला हवं होतं, आणि हे मला नंतर कळलं ते तुम्ही आधीच कळून घ्या. आपल्याकडे फीडिंग बॉटलची जाहिरात करायलाच बंदी आहे. 1992 चा कायदा आहे, 2003 मध्ये अजून कडक केला. डिस्काउंट, फुकट सॅम्पल, आईला गाठून माल खपवणं, सगळं बेकायदा. म्हणजे बाटली स्वतःहून तुमच्या फोनवर आली, तिथेच विषय संपला.

पार्सल मात्र आलं, सहाव्या दिवशी. उघडल्या उघडल्या प्लास्टिकचा उग्र वास, दोनदा उकळली तरी गेला नाही. बुडाशी बघितलं तर काहीच नाही, कोरं. बाटलीवर आयएसआय मार्क लागतोच, प्लास्टिकची असेल तर आयएस 14625, काचेची असेल तर आयएस 5168, आणि सोबत सीएम/एल नंबर, म्हणजे परवान्याचा नंबर, तो बीआयएस केअर अ‍ॅपवर घालून बघता येतो. दुकानात उभं राहून बघा, लाजू नका. आणि निपल! अंगावरच्या बाळाला एकदम स्लो फ्लो लागतो, बाटली उलटी केली की थेंब थेंब पडायला पाहिजे. ही उलटी केली तर सरळ धारच लागली. मी मुश्किलीने काढलेलं साठ मिली दूध, आणि दुसऱ्याच घोटाला लेकीला असा ठसका लागला की सासूबाईंनी तिला माझ्या हातातून ओढूनच घेतलं. तो आवाज अजून कानात आहे.

पैसे परत मागितले. हो हो ताई, नक्की, फक्त पिकअपचे 499 भरा, ते पण रिफंडेबल. भरले. मग रात्री अकराला क्यूआर पाठवला, स्कॅन करा, पैसे जमा होतील. नवऱ्याच्या फोनवर तो उघडून माझ्या फोनने स्कॅन केला. मांडीवर लेक, लाईट गेलेली, एका हातात फोन. स्क्रीनवर 3,740 आणि खाली पिन टाका. मी अकाउंट्समध्ये काम करते. पैसे घ्यायला पिन लागत नाही हे मी दहा जणांना सांगितलं असेल. एक सेकंद अंगठा थांबला होता, खरंच थांबला होता, आणि ती फोनवर सारखी म्हणत होती ताई लिंक एक्सपायर होईल, लवकर, आणि मी पिन टाकला. 3,740 आले नाहीत, अजून 3,740 गेले. फोन कट. नंबर बंद. त्या रात्री फक्त रडले, आणि तीच दुसरी चूक, तेव्हाच 1930 ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करायचा असतो, पहिल्या तासात पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त. मी केला सकाळी पावणेअकराला, तोवर खातं रिकामं.

मग सुरू झाल्या फेऱ्या. पोलीस स्टेशनात हवालदार म्हणतो, मॅडम बाटलीला कोण चार हजार देतं? अहो मी दिले म्हणून तर आलेय ना! दुसरा म्हणाला रक्कम बारीक आहे, ऑनलाईन टाका. टाकली होतीच, नंबर दाखवला, तर म्हणे मग इथे कशाला आलात. बँकेत मॅनेजर मान वर न करता, पिन तुम्हीच टाकलाय, आम्ही काय करणार. आणि कायद्याचं म्हणावं तर ज्या ऑफिसात गेले तिथल्या बाईला असा कायदा आहे हेच माहीत नव्हतं, तिने मला दुसऱ्या मजल्यावर पाठवलं, दुसऱ्या मजल्याने परत तिच्याकडे. नवीन रुजू झालेली मी, दोन हाफ डे गेले, ऑफिसात छातीतून दूध येऊन ब्लाउज ओला, आणि हे लोक मला झेरॉक्स आणा सांगतात. बिननावाच्या बाटलीने बाळ गुदमरलं असतं तर तेव्हा पण झेरॉक्सच मागितली असती का? माल खराब आल्याची तक्रार 1915 वर, ग्राहक हेल्पलाइनला, वेगळी करा, मी केलीय.

म्हापशाच्या डॉक्टरांकडे गेले तर ते म्हणाले, बाटली पाहिजेच कशाला? वाटी-चमचा द्या. आमच्या कपाटात सासूबाईंचं चांदीचं बोंडलं, बाळाला दूध पाजायचं चोचीचं भांडं, पडून होतं, नवऱ्याला त्यातूनच पाजलेलं. बाटली द्यायचीच झाली तर आईने देऊ नये, आईचा वास आला की बाळ अंगावरच मागतं, दुसऱ्या कुणी द्यावी आणि आपण घराबाहेर जावं. काढलेलं दूध आपल्या उकाड्यात बाहेर ठेवून देऊ नका, लगेच फ्रीजमध्ये. आता सासूबाई लेकीला अर्धवट बसवून बोंडल्याने पाजतात, पहिले तीन दिवस निम्मं लाळेऱ्यावर सांडलं, चौथ्या दिवसापासून पिते.

माझी तक्रार अजून "अंडर प्रोसेस" आहे. आज सकाळी बघितलं, तेच पेज नाव बदलून चालू आहे, तीच रील, त्याच बाईचा आवाज, किंमत फक्त 3,490 केलीय.