स्थितांबरातले कण केवढे? फुग्यावरचा गणक की उपग्रह

स्थितांबरातल्या (ढग-पावसाच्या थराच्या वरच्या, ओझोन असलेल्या थरातल्या) एरोसोलवर, म्हणजे हवेत तरंगणाऱ्या बारीक थेंबांवर आणि कणांवर, काम करायचं ठरलं की लवकरच फाटा फुटतो. फुग्यावरून कण मोजणाऱ्या उपकरणांच्या नोंदींवर विसंबायचं, की उपग्रहाची विदा उतरवून घ्यायची? दुसरी वाट फुकट, घरबसल्या आणि साऱ्या पृथ्वीची, त्यामुळे मोह तिचाच पडतो. तरी तुमचा प्रश्न ‘कण केवढे’ हाच असेल, तर आधी फुगा, असं माझं स्पष्ट मत आहे. उपग्रहाला कण दिसतच नाहीत. वाटेत प्रकाश किती अडला एवढंच त्याला कळतं.

अमेरिकेतल्या वायोमिंग विद्यापीठाने 1971 पासून लॅरमी या आपल्या गावाहून प्रकाशीय कणगणक फुग्यांवर सोडले. पंप हवा ओढतो, एकेक थेंब प्रकाशझोतातून जातो, आणि त्याने विखुरलेला प्रकाश किती यावरून त्याचा व्यास ठरतो. प्रत्येक कण वेगळा मोजला जात असल्याने लहान-मोठ्यांची खरी वाटणी हाती येते. 1991 मध्ये फिलिपिन्समधल्या पिनाटुबो ज्वालामुखीचा उद्रेक झाल्यावर या पद्धतीचा कस लागला. एरवी कणांची प्रभावी त्रिज्या (मोठ्या कणांना जास्त वजन देऊन काढलेली सरासरी) 0.2 मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आत असते, ती तेव्हा 0.5 च्या आसपास गेली. शिवाय गणकांना कणांचे दोन वेगळे गट दिसले, एक बारीक आणि एक जाड. नुसत्या सरासरी त्रिज्येत हे दोन गट लपून राहिले असते.

पूर्वीची उपकरणं जड होती. अमेरिकेच्या नोआ या हवामान-सागर संस्थेचा ‘पॉप्स’ हा कणगणक जेमतेम अर्ध्या किलोचा आहे, त्यामुळे तो हवामानाच्या फुग्यालाही झेपतो. 405 नॅनोमीटरच्या लेसरने तो साधारण 0.14 मायक्रॉनपासून अडीच-तीन मायक्रॉनपर्यंतचे कण मोजतो. प्रशांत महासागरातला हुंगा टोंगा ज्वालामुखी 15 जानेवारी 2022 रोजी फुटला, आणि आठ-दहा दिवसांत हिंदी महासागरातल्या रीयुनियन बेटावरून सोडलेल्या फुग्यांनी त्या ढगातले कण किती झपाट्याने तयार होताहेत ते टिपलं.

गणकाच्या खोडीही आहेत. प्रकाशावरून व्यास काढताना अपवर्तनांक (कणाचा पदार्थ प्रकाश किती वळवतो तो आकडा) गृहीत धरावा लागतो. थेंब सल्फ्युरिक आम्ल आणि पाण्याचा असेल तर तो 1.45 च्या आसपास धरतात, पण वणव्याचा धूर आला की हे गणित बिघडतं. (2023 मध्ये तर असं दिसलं की तिथल्या साधारण दहा टक्के मोठ्या कणांत जळून पडणाऱ्या उपग्रह-रॉकेटांचं ॲल्युमिनियम वगैरे असतं.) मोठे कण मुळातच विरळ, त्यामुळे त्या टोकाचे आकडे डळमळीत. आणि सगळ्यात मोठी अडचण म्हणजे एका उड्डाणातून एका जागेचा, एका दिवसाचाच छेद (खालपासून वरपर्यंतचं उभं मोजमाप) मिळतो.

इथेच उपग्रह कामाला येतो. नासाच्या सेज-2 या उपग्रहावरच्या उपकरणाने 1984 ते 2005, आणि अंतराळ स्थानकावरच्या सेज-3 ने 2017 पासून, सूर्य उगवताना-मावळताना वातावरणातून येणारा प्रकाश मोजला. बारीक कण 525 नॅनोमीटरचा प्रकाश 1020 पेक्षा बराच जास्त अडवतात. कण जाड होत गेले की हा फरक कमी होतो. या गुणोत्तरावरून त्रिज्या काढतात, पण त्यासाठी वाटणीचं रूप आधी मानून घ्यावं लागतं, आणि बहुधा एकच गट मानतात. पिनाटुबोनंतरचे दोन गट आठवा. दिवसाला जेमतेम तीसेक छेद मिळतात, पण ते वर्षानुवर्षं मिळत राहतात. क्षितिजाकडे पाहणाऱ्या ओम्प्स या दुसऱ्या उपग्रही उपकरणाकडून कितीतरी जास्त छेद येतात. तिथे मात्र कणांचं आकारमान आधीच गृहीत धरून पुढचं गणित होतं. त्यातूनच पुन्हा आकारमान काढायला बसणं म्हणजे निव्वळ गोल फिरणं.

लायडर (लेसर सोडून परत येणारा प्रकाश टिपणारं यंत्र) आणि फुग्यावरून परतीचा प्रकाश मोजणारी छोटी उपकरणं थर शोधायला उत्तम, पण व्यासाचा पुरावा म्हणून एकटी अपुरी.

म्हणून निवड प्रश्नावर ठरते. ओझोनच्या रसायनात कणांचा एकूण पृष्ठभाग मोजावा लागतो, आणि त्यात बारीक कणांचा वाटा मोठा. तिथे उपग्रह कच्चा पडतो, कारण 0.1 मायक्रॉनखालचे कण त्याला जवळजवळ जाणवतच नाहीत. पॉप्सलाही ते दिसत नाहीत, त्यासाठी सोबत कणांवर बाष्प साचवून (संघननाने) ते फुगवून मोजणारा गणक हवा. उद्रेकानंतर पृथ्वी किती थंड झाली हा विषय असेल, तर सेजची दीर्घ मालिका घ्या आणि त्याच काळातल्या लॅरमीच्या उड्डाणांशी ती ताडून पाहा.

भारतातून काम करणाऱ्याने मात्र हैदराबादच्या टीआयएफआरच्या (टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या) फुगा-केंद्राकडे पाहावं. मान्सूनमध्ये स्थितांबराच्या उंबऱ्यावर साचणारा आशियाई एरोसोलचा थर मोजायला तिथूनही नासा-इस्रोच्या मोहिमेत उड्डाणं झाली. त्या कणांत नायट्रेट सापडलं, म्हणजे 1.45 चा अपवर्तनांक तिथे डोळे मिटून वापरता येत नाही. गणकाच्या जोडीला रासायनिक नमुना घेणारं उपकरणही पाठवा, भार वाढला तरी चालेल.