पिचरचा वेग मोजणारी रडार गन: ग्रामीण शाळेच्या बेसबॉल संघाला तिचा उपयोग किती?

यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यात आमच्या शाळेचा सतरा वर्षांखालील मुलांचा बेसबॉल संघ आहे. गेल्या हंगामाच्या आधी माजी विद्यार्थ्यांनी जमवलेल्या वर्गणीतून आम्ही त्या संघासाठी पिचरने, म्हणजे फलंदाजाकडे चेंडू टाकणाऱ्या खेळाडूने, टाकलेल्या चेंडूचा वेग मोजणारी, खिशात मावेल एवढी रडार गन मागवली. अशा गन बनवणाऱ्या कंपन्या एकाहून अधिक आहेत आणि त्यांची कामाची पद्धत जवळपास सारखीच असल्यामुळे, कोणा एकीची जाहिरात होऊ नये म्हणून येथे नाव देत नाही. आयातशुल्क धरून किंमत पंचवीस हजारांच्या आसपास पडली. तेवढ्या पैशात कॅचरचा (फलंदाजामागे बसून चेंडू झेलणाऱ्याचा) हेल्मेटपासून पायाच्या गार्डपर्यंतचा सगळा साज, काही बरे ग्लोव्ह आणि हंगामभर पुरतील एवढे चेंडू आले असते, त्यामुळे शाळा समितीच्या बैठकीत ‘हे खूळ कशाला?’ असा प्रश्न विचारला गेला तो मुळीच अवाजवी नव्हता. हंगामभराच्या वापरानंतर त्या प्रश्नाचे उत्तर देता येईल असे वाटते.

आधी वापराविषयी. गनमधून निघालेल्या लहरी चेंडूवर आदळून परत येतात आणि त्यांच्या वारंवारितेत झालेल्या बदलावरून, म्हणजे डॉपलर तत्त्वावर, वेग काढला जातो. अमेरिकेतील मिशिगन स्टेट विद्यापीठाचे बेसबॉल प्रशिक्षक डॅनी लिटव्हायलर यांनी १९७० च्या दशकात, वाहनांचा वेग मोजणारे पोलिसांचे रडार पाहून, तेच पिचरसाठी वापरण्याची कल्पना मांडली आणि तेव्हापासून हे यंत्र त्या खेळात रुळले. गनला फक्त तिच्याकडे सरळ येणारा किंवा तिच्यापासून सरळ जाणारा वेग कळतो. चेंडूच्या रेषेपासून १० अंश बाजूला उभे राहिलात तर ताशी १०० किलोमीटरचा चेंडू ९८.५ दाखवतो, २० अंशांवर ९४ आणि ३० अंशांवर जेमतेम ८७. सावलीसाठी बाजूच्या कडुनिंबाखाली खुर्ची टाकून वेग मोजणाऱ्याने ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण त्या सावलीची किंमत बारा-तेरा किलोमीटर इतकी असते. आमच्याकडे होम प्लेटच्या (फलंदाज जिच्याजवळ उभा राहतो त्या पाटीच्या) मागे दोन लोखंडी खांबांना नायलॉनची जाळी बांधलेली आहे. तिच्या मागे, कॅचरच्या डोक्याच्या बरोबर रेषेत उभे राहून मोजले की आकडे स्थिर येतात आणि जाळीचा अडथळा होत नाही. चेंडू हातातून सुटताना जो वेग असतो त्यातला सुमारे आठ-दहा टक्के प्लेटपर्यंत पोहोचताना हवेने कमी होतो. म्हणून बटण चेंडू सुटण्याच्या आधीच दाबून धरावे लागते, उशिरा दाबले की आकडा कमी येतो. एकाच माणसाने हे काम करावे; आज शिपाईकाका, उद्या एखादा राखीव खेळाडू अशी पाळी लावली तर आकड्यांची एकमेकांशी तुलनाच करता येत नाही.

वेग मोजण्याआधी माउंड, म्हणजे पिचर जिथून चेंडू टाकतो तो मातीचा उंचवटा, नीट असावा लागतो, हे विक्रीच्या पानावर कोणी लिहीत नाही. नियमाप्रमाणे तो १० इंच उंच आणि त्यावरील पिचिंग रबर (पिचर पाय टेकवतो ती रबरी पट्टी) होम प्लेटपासून १८.४४ मीटरवर असते. आमचे मैदान काळ्या मातीचे असल्याने उन्हाळ्यात त्याला बोटभर रुंदीच्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात तीच माती फुगून रबर वर ढकलते. शेवटी फूटभर खोदून काळी माती काढली, मुरूम भरून चोपला आणि वर लाल मातीचा थर दिला, तेव्हा पुढचा पाय टेकताना घसरायचा थांबला. मुलांच्या हातात काहीही बदल न होता केवळ या दुरुस्तीने प्रत्येकाचा वेग दोन-तीन किलोमीटरने वाढलेला गनवर दिसला. रडार गन घेऊ पाहणाऱ्या शाळेने त्याआधी एक ट्रॉली मुरूम आणावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता पिचरांकडे वळू. आमच्याकडे चार जण आहेत आणि चौघेही टेनिस बॉल क्रिकेटमधून आलेले आहेत. ज्या विदर्भात खापरखेड्याच्या कोळसा खाणीतील कामगाराचा मुलगा उमेश यादव टेनिस बॉलवरून भारताच्या संघापर्यंत गेला, तेथे पोरांना वेगाचे आकर्षण असणे स्वाभाविक आहे. पहिला मुलगा उंच, लांब हातांचा. गावात सगळे त्यालाच संघाचा आधार मानतात. गनवर त्याचा चेंडू ताशी १०६ ते १०८ किलोमीटरपर्यंत जातो, म्हणजे फलंदाजाला पाहून बॅट फिरवायला सुमारे सहा दशांश सेकंद मिळतात. आपल्या विभागातील शालेय फलंदाजांना एवढा वेग जड जातो. दुसरा डावखुरा आहे आणि त्याचा फास्टबॉल ९२ च्या पुढे सहसा सरकत नाही. तिसरा भालाफेकपटू असून त्याचा हात दमदार आहे, पण चेंडू कोठे जाईल याचा नेम नाही. चौथा मुळात शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) आहे आणि गरज पडली तरच माउंडवर येतो. भालाफेकपटूकडून अपेक्षा ठेवण्याला आधार आहे: उत्तर प्रदेशातील रिंकू सिंह आणि दिनेश पटेल हे दोघे भालाफेकपटूच होते आणि २००८ मध्ये एका प्रतिभाशोध स्पर्धेतून निवडले जाऊन त्यांनी पिट्सबर्ग पायरेट्स या अमेरिकेतील व्यावसायिक संघाशी करार केला. मात्र त्यांना अमेरिकेत महिनोन्‌महिने पूर्ण वेळ प्रशिक्षण मिळाले, आणि आमच्या भालाफेकपटूला सोयाबीनच्या सोंगणीत आठ-आठ दिवस सरावच मिळत नाही.

केवळ सर्वात मोठा आकडा पाहण्यासाठी ही गन घ्यायची असेल तर पंचवीस हजार वाया गेले असे समजावे, कारण कोण किती वेगवान आहे हे कॅचरचा लाल झालेला तळहातही सांगतो. तिचा खरा उपयोग मला आढळला तो आकडा कधी आणि किती उतरतो हे पाहण्यात. आम्ही प्रत्येक चेंडूचा वेग वहीत ओळीने लिहू लागलो तेव्हा दिसले की उंच मुलगा पहिल्या पंचवीस-तीस चेंडूंपर्यंत १०५ च्या वर असतो, चाळिशीच्या आसपास १०० वर येतो आणि पुढे ९६-९७ वर रेंगाळतो. वेग उतरू लागला की त्याचा कोपर खांद्याच्या रेषेच्या खाली जातो, चेंडू उंच राहतो आणि फलंदाज त्याला मैदानाबाहेर धाडतात. याच्या उलट डावखुरा साठाव्या चेंडूलाही ९० टाकतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्याच हालचालीतून तो ८० चा चेंजअप (फास्टबॉलसारखा भासणारा, पण मुद्दाम संथ टाकलेला चेंडू) टाकतो. फास्टबॉल आणि चेंजअप यांच्यात ताशी बारा-पंधरा किलोमीटरचा फरक उपयुक्त मानला जातो आणि हा मुलगा कोणी न शिकवता त्याच्या जवळ पोहोचलेला आहे. उंच मुलाच्या चेंजअपमध्ये हा फरक पाच किलोमीटरसुद्धा नाही, त्यामुळे तो चेंजअप म्हणजे फलंदाजाला दिलेला सोपा फास्टबॉलच ठरतो. गन नसती तर हा फरक डोळ्यांना जाणवला असता, पण मुलाला पटवून देता आला नसता.

एक गोष्ट मुद्दाम नोंदवतो. एका सोमवारी उंच मुलाचा पहिलाच चेंडू ९८ आला आणि पुढेही तो शंभरी गाठेना. गन बिघडली असावी म्हणून डावखुऱ्याला मोजले तर त्याचा आकडा नेहमीचाच होता. चौकशी केली तेव्हा कळले की आदल्या दिवशी त्याने घरच्या सोयाबीनची पोती दिवसभर ट्रॉलीत भरली होती. त्या दिवशी त्याला माउंडवरून उतरवून पहिल्या बेसवर क्षेत्ररक्षणाला उभे केले. गनविना आम्ही त्याला आळशी ठरवून आणखी जोर लावायला सांगितले असते आणि थकलेल्या खांद्यावर तो जोर त्याने लावलाही असता.

हाताच्या काळजीचा प्रश्न आणि संघाच्या यशाचा प्रश्न येथे एकत्र येतात. मेजर लीग बेसबॉल (अमेरिकेतील सर्वोच्च व्यावसायिक लीग) आणि यूएसए बेसबॉल (तेथील राष्ट्रीय संघटना) यांनी २०१४ मध्ये तरुण पिचरांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांनुसार १५-१६ वर्षांच्या मुलाने दिवसात ९५ हून अधिक चेंडू टाकू नयेत. ३० पर्यंत टाकले तर दुसऱ्या दिवशी खेळायला हरकत नाही, ३१ ते ४५ टाकल्यास एक दिवस, ४६ ते ६० टाकल्यास दोन दिवस, ६१ ते ७५ साठी तीन आणि ७६ च्या पुढे चार दिवस विश्रांती द्यावी. आपल्याकडील शालेय स्पर्धा मात्र एक-दोन दिवसांत उरकल्या जातात आणि सकाळी जिंकलेला संघ दुपारी पुन्हा मैदानात असतो. अशा वेळी बहुतेक शाळा आपल्या एकाच वेगवान मुलाला सगळे सामने टाकायला लावतात. कोपराच्या आतल्या बाजूच्या अस्थिबंधाची दुरुस्ती करणारी शस्त्रक्रिया डॉ. फ्रँक जोब यांनी १९७४ मध्ये टॉमी जॉन या पिचरवर प्रथम केली आणि तो पुढे अनेक वर्षे खेळला, हे खरे. पण ज्याचे वडील दुसऱ्याच्या शेतात मजुरीला जातात त्या मुलाचा कोपर गेला तर त्याच्यापुढे तो मार्ग नाही. राज्यस्तरावर खेळल्याने मिळणारे दहावी-बारावीचे सवलतीचे गुण आणि शासकीय नोकरीतील ५ टक्के क्रीडा आरक्षण यांच्या आशेने पालक मुलांना पाठवतात. म्हणून त्या मुलाचा हात सतराव्या वर्षी संपवणे हा मला निव्वळ अन्याय वाटतो.

गनला स्ट्राइक झोन कळत नाही, म्हणजे होम प्लेटवरच्या ज्या ठरलेल्या चौकटीतून गेलेला चेंडू स्ट्राइक आणि तिच्याबाहेरून गेलेला बॉल धरतात ती चौकट कळत नाही, ही तिची मोठी मर्यादा. त्यासाठी वहीत वेगाच्या शेजारी स्ट्राइक की बॉल ही खूण करावीच लागते. भालाफेकपटूचे पान पाहिले तर वेगाच्या रकान्यात १०० च्या वरचे आकडे आणि शेजारी बॉलच्या खुणांची रांग दिसते. असा पिचर चार बॉलवर फलंदाजांना फुकट बेस देत सुटतो. जेमी मोयर हा डावखुरा पिचर २०१२ मध्ये वयाच्या ४९ व्या वर्षी मेजर लीगचा सामना जिंकून गेला, तो काही वेगाच्या जोरावर नव्हे. त्याचा फास्टबॉल त्या स्तरावर अगदीच संथ गणला जात असे.

गनचा एक उपद्रवही आहे आणि तो यंत्राच्या दोषापेक्षा त्रासदायक आहे. पडद्यावर आकडा येतो हे कळल्यापासून प्रत्येक चेंडूनंतर मुले मागे वळून ‘किती आला जी, सर?’ असे विचारू लागली आणि आकडा वाढवण्यासाठी अंग वेडेवाकडे फेकू लागली. प्रेक्षकांत बसलेले काकाही पैज लावल्यासारखे आकडे ओरडत असत. आम्ही नियम केला की गन मोजणाऱ्याने तोंडातून अवाक्षर काढायचे नाही आणि वही सराव संपल्यावरच उघडायची. त्यानंतर हा प्रकार बराच कमी झाला.

यंत्र म्हणून तक्रारी किरकोळ आहेत. दोन लहान पेन्सिल सेल बरेच दिवस टिकतात, मैलांवरून किलोमीटरवर आणण्याची सोय आहे आणि भर दुपारीही पडदा वाचता येतो. धुळीपासून जपण्यासाठी आम्ही ती प्लास्टिकच्या पारदर्शक पिशवीत ठेवून वापरतो आणि त्याने मोजणीत फरक पडलेला दिसला नाही. आकडे आपोआप साठवून मोबाइलवर पाठवणारी महागडी मॉडेलेही मिळतात, पण वहीत हाताने लिहिण्याने मुलांना स्वतःचे पान पाहण्याची सवय लागली, त्यामुळे त्या जादा खर्चाची गरज मला वाटत नाही. कुरियरवाल्याने पार्सल गावापर्यंत आणले नाही आणि ते तालुक्याहून आणावे लागले. बिघाड झाल्यास यवतमाळ-अमरावतीत दुरुस्तीची सोय आम्हाला सापडली नाही, म्हणून पावती आणि हमीपत्र लॅमिनेट करून ठेवले आहे. एका शाळेने एकटीने एवढा खर्च करण्यापेक्षा तालुक्यातील तीन-चार शाळांनी मिळून एक गन घ्यावी आणि ठरलेल्या वारी ती फिरवावी, हे अधिक व्यवहार्य आहे.

येत्या हंगामातील आमच्या संघाविषयी एवढेच सांगता येईल की जिल्ह्यात आम्ही कोणालाही भारी पडू. क्षेत्ररक्षण बरे आहे, कॅचरकडून चेंडू निसटतात आणि त्यावर काम चालू आहे. पहिला सामना डावखुऱ्याकडे राहील, उंच मुलाला प्रत्येक सामन्यात शेवटचे तीस चेंडूच दिले जातील. अमरावती विभागाच्या स्पर्धेत मात्र दोन दिवस पुरेल एवढे हात लागतात. शॉर्टस्टॉपला तोपर्यंत चेंडू खाली ठेवायला शिकवता आला तर अंतिम सामना आवाक्यात आहे. तो तयार झाला नाही तर दुसऱ्या दिवशी सकाळी माउंडवर पाठवायला आमच्याकडे फक्त भालाफेकपटू उरेल आणि त्याच्या हातून आम्ही उपांत्य फेरीच्या पुढे जाऊ असे मला वाटत नाही.