तालमीचं ऑक्सिजन मशीन: सेवा कशी होती?

कोल्हापुरात शिवाजी पेठेत काय किंवा मंगळवार पेठेत काय, पूर येवो वा साथ, पहिली हाक तालमीतच जाते. २०२१ च्या कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत पेठेतल्या एका तालीम मंडळानं ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतला ऑक्सिजन वेगळा काढून देणारी मशीन, घरी वापरायला दिले. नुसती अनामत, भाडं नाही.

सगळ्यात मोठी जमेची बाजू म्हणजे मशीन दारात टेकवून पोरं निघून जात नव्हती. ऑक्सिजन ओलसर करणाऱ्या बाटलीत डिस्टिल्ड पाणी वरच्या खुणेच्या आत, मशीन भिंतीपासून फूटभर लांब, पाणी रोज बदलायचं, हे सगळं घरच्यांकडून एकदा करून घ्यायची. शेवटी नळीचं टोक पेल्यातल्या पाण्यात बुडवायची. बुडबुडे आले नाहीत, तर बहुतेक वेळा बाटलीचं झाकण आट्यावर तिरकं बसलेलं असायचं. हवा तिथूनच निसटते.

डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मशीन मिळत नव्हतं. लोक चिडायचे, पण मंडळाचंच बरोबर होतं. मशीन मिनिटाला ५ लिटरवर ठेवूनही पेशंटच्या रक्तातला ऑक्सिजन ९० टक्क्यांच्या वर येत नसेल, तर तो पेशंट घरी ठेवायचाच नाही, थेट सीपीआर हे सरकारी हॉस्पिटल गाठायचं.

उणीव दिसली ती वीज गेल्यावर. ५ लिटरचं मशीन ३०० ते ३५० वॅट खातं. घरचा इन्व्हर्टर दोन-तीन तासांत मान टाकतो. जुलैच्या पुरात हेच झालं. मंडळाकडं छोटे सिलिंडर होते. १५०० लिटरचा सिलिंडर मिनिटाला २ लिटरनं बारा तास पुरतो. पण सिलिंडर यायचा आणि चावी नाहीतर फ्लोमीटर (ऑक्सिजन किती सोडायचा ते दाखवणारा) तालमीतच राहायचा. तिन्ही वस्तू एकाच पिशवीत बांधून ठेवायला हव्या होत्या.

परत आलेलं मशीन पुसून, प्रत्येक पेशंटला नवी नळी, यात कसूर नव्हती. फिल्टरचं मात्र अडायचं. आपल्याकडच्या पावसात धुतलेला फिल्टर वाळत नाही, आणि ओला बसवला तर ओल आत जाते. दर मशीनला दोन फिल्टर असायलाच हवेत.

ज्या मंडळांकडं ही मशीन अजून आहेत, त्यांनी ती माळ्यावर टाकू नयेत. आतला झिओलाइट, म्हणजे हवेतला नायट्रोजन धरून ठेवणारे खडे, दमट हवेत ओल धरतो आणि ९० टक्क्यांच्या वर मिळणारा ऑक्सिजन घसरत जातो. महिन्यातून काही तास मशीन चालवा आणि शुद्धतेचा दिवा हिरवा आहे ना, ते बघा.