किराण्याची यादी, कालचं ताट की ‘कितीदा खाता?’

वस्तीतल्या आहाराची पाहणी करायची, असं ठरवून पुण्यातल्या लहान संस्थांमधली मंडळी सल्ल्याला येतात, तेव्हा त्यांच्यापुढे बहुतेक वेळा तीन वाटा असतात. सरकारी कुटुंब पाहणीतले आकडे घ्यायचे, स्वतः घरोघर जाऊन ‘काल काय जेवलात?’ विचारायचं, किंवा ‘पालेभाजी आठवड्यातून कितीदा खाता?’ अशी प्रश्नावली भरून घ्यायची. तिन्ही वाटा आहाराच्याच असल्या तरी त्या पोहोचतात वेगवेगळ्या ठिकाणी. कामावरून दमून आलेल्या बाईचा एक तास मागण्याआधी आपल्याला नेमकं कुठे जायचंय, ते ठरलेलं असावं.

आधी सरकारी उपभोग खर्चाची पाहणी घेऊ. ऑगस्ट 2022 ते जुलै 2023 या काळात ती 2,61,746 कुटुंबांत झाली. प्रश्नावली तीन भागांत विभागली होती आणि प्रत्येक भागासाठी घराला वेगळी भेट दिली. एकूण 405 वस्तू विचारल्या. वर्षभर काम चालल्यामुळे आंब्याचा मोसम, श्रावण, दिवाळी सगळं त्यात येतं. कुटुंबनिहाय कच्ची माहितीही फुकट मिळते. एकूण खर्चात अन्नाचा वाटा त्या वर्षी ग्रामीण भारतात सुमारे 46 टक्के आणि शहरी भागात सुमारे 39 टक्के होता, हे आपल्याला या पाहणीतूनच कळतं. एवढा पसारा कोणत्याही संस्थेच्या आवाक्यातला नाही. राज्याचं चित्र, महागाईचा परिणाम, डाळीवरचा आणि दुधावरचा खर्च यांसाठी हेच आकडे घ्या. पण त्यातून येरवड्यातल्या एका वस्तीबद्दल काही सांगू नका. तेवढ्या लहान भागासाठी हा नमुना घेतलेलाच नसतो.

हे आकडे वापरताना प्रश्न कसा विचारला होता, ते आधी बघा. याच पाहणीच्या 2011-12 च्या फेरीत तेल, अंडी-मांस, भाजी, फळं अशा वस्तूंबद्दल काही घरांना गेल्या 30 दिवसांचं विचारलं आणि काही घरांना गेल्या 7 दिवसांचं. ग्रामीण भागातला दरडोई मासिक खर्च पहिल्या पद्धतीने 1,287 रुपये निघाला, दुसऱ्या पद्धतीने 1,430. वर्ष तेच आणि देशही तोच, तरी जवळपास 11 टक्क्यांचा फरक. आठवड्याची भाजी आठवते, महिन्याची आठवत नाही. 1999-2000 मध्ये तर दोन्ही मुदतींचे प्रश्न एकाच घरात, एकाच बैठकीत विचारले गेले. लोकांनी एका उत्तराचा मेळ दुसऱ्याशी घातला, आणि गरिबी याच खर्चावरून मोजली जात असल्याने त्या वर्षीच्या गरिबीच्या आकड्यावरचा वाद पुढे कितीतरी वर्षं चालला. म्हणून दोन वर्षांची तुलना करण्याआधी दोन्ही प्रश्नावल्या शेजारी ठेवून वाचा. हे कंटाळवाणं काम आहे आणि ते टाळल्याने झालेल्या चुका मी पुष्कळ पाहिल्या आहेत.

याहून मोठी अडचण अशी, की ही पाहणी घराची असते, माणसाची नसते. पाच किलो तांदूळ घरात आला एवढं कळतं, तो कुणाच्या ताटात किती पडला ते कळत नाही. सगळ्यांना वाढून झाल्यावर जेवणारी सून आणि सासरे या दोघांचीही सरासरी सारखीच दिसते. त्यात या पाहण्यांची जुनी रीत अशी, की घरात शिजवून पाहुण्याला किंवा कामाच्या माणसाला वाढलेलं अन्न शिजवणाऱ्या घराच्याच खात्यावर पडतं. कोथरूडमध्ये चार घरी पोळ्या करणाऱ्या मावशींना तिथे मिळणारा चहा-नाश्ता त्या घरांच्या उपभोगात मोजला जातो. म्हणजे सुखवस्तू घरं आहेत त्याहून जास्त खाताना दिसतात आणि मावशींचं घर कमी. आणि मुलाने क्लासच्या बाहेर खाल्लेला वडापाव उत्तर देणाऱ्या आईला ठाऊकच नसतो.

माणसाचं पोट कळायला हवं असेल, तर कालच्या ताटाची विचारपूस करावी लागते. सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत काय खाल्लं ते क्रमाने विचारायचं. यात सगळं अडतं ते मापावर. ‘दोन भाकरी’ म्हणजे केवढ्या? ‘वाटीभर कालवण’ पातळ की दाट? आम्ही पिशवीतून चार मापांच्या वाट्या, पळी आणि चमचे घेऊन जातो. सर्वांत चांगलं म्हणजे त्या घरातल्याच वाटीत पाणी ओतून ते मोजायचं. कच्च्या-शिजलेल्याचा हिशेब करून मग हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2017 च्या अन्नघटक तक्त्यांवरून, ज्यात 528 पदार्थ आहेत, पोषक घटक काढायचे. विचारणारा या कामात तयार झालेला असला तरी एका घराला पाऊण तास सहज लागतो.

आणि एक दिवस पुरत नाही. रविवारी चिकन असतं, चतुर्थीला उपास. डेक्कनवरच्या गोखले संस्थेत वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी 1971 मध्ये माणशी रोज 2,250 कॅलरींचा निकष धरून, राष्ट्रीय नमुना पाहणीच्या, म्हणजे वरच्याच सरकारी पाहणीच्या जुन्या फेऱ्यांतल्या खर्चाच्या आकड्यांवरून गरिबी मोजली. पुण्यातच स्थायिक झालेले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी हरकत घेतली ती अशी, की एकाच माणसाचं खाणं आणि गरज दिवसागणिक वर-खाली होते, त्यामुळे सरासरीच्या रेषेखाली दिसणारा प्रत्येक जण कुपोषित नसतो. वादात बाजू कुणाचीही घ्या, पण एका दिवसाच्या ताटावरून कुणाही बाईवर ‘कुपोषित’ असा शिक्का मारू नका. सलग नसलेले किमान दोन दिवस विचारा, त्यात एक सुट्टीचा असू द्या.

तिसरी वाट म्हणजे वारंवारतेची प्रश्नावली. ती ढोबळ असते, तिच्यातून ग्रॅम निघत नाहीत, म्हणून अभ्यासू मंडळी तिला कमी लेखतात. मला ते पटत नाही. पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायांचा जो अभ्यास झाला, त्याचे 2001 मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष पाहा. ऊर्जा आणि प्रथिनांच्या प्रमाणाशी बाळाच्या जन्मवेळच्या आकाराचा संबंध दिसला नाही. तो दिसला दूध, पालेभाज्या आणि फळं किती वेळा खाल्ली जातात याच्याशी. साध्या ‘कितीदा?’ या प्रश्नाने जे पकडलं, ते कॅलरींच्या हिशेबातून निसटलं होतं.

मग घ्यायचं काय? रेशनबद्दल किंवा दरवाढीबद्दल निवेदन द्यायचं असेल, तर सरकारी आकडे घ्या, स्वतःची पाहणी करू नका. रक्तक्षयासाठी आहाराचा कार्यक्रम आखताय आणि लोह नेमकं किती कमी पडतं ते हवंय, तर कालचं ताट विचारा. पण आहारतज्ज्ञ सोबत नसेल तर त्यात पडू नका, कारण चुकीच्या मापाने काढलेले मिलिग्रॅम कामाचे नाहीत. शंभर-दोनशे घरं, चार कार्यकर्त्या आणि दोन महिने, एवढीच ताकद असेल, आणि बहुतेक संस्थांची तेवढीच असते, तर 15 ते 49 वयाच्या स्त्रियांना काल धान्य, डाळी, दूध, पालेभाज्या अशा 10 अन्नगटांपैकी कोणते खाल्ले एवढंच विचारा. निदान पाच गट खाणाऱ्या किती, हा आकडा त्या सगळ्या स्त्रियांबद्दल मिळून भरवशाने बोलतो, एकेका बाईबद्दल नाही. त्याला दूध, पालेभाजी, फळं आणि अंडी कितीदा, हे चार प्रश्न जोडा. दहा-बारा मिनिटांत होतं. उत्तर मात्र जिने खाल्लं तिच्याकडूनच घ्या, सासूबाई शेजारी बसून सांगू लागल्या तरी.