अधू हातांसाठी गाडीतला हवेचा पंप आणि लांब पाना : पावसाळा-हिवाळा वापरल्यानंतर

मला आमवात आहे. मनगटं आणि बोटं सकाळी तर अजिबात साथ देत नाहीत. तरीही नाशिक-मुंबई मी एकटीच गाडी चालवते आणि चालवत राहणार आहे. म्हणून गेल्या उन्हाळ्यात दोन वस्तू घेतल्या : बारा व्होल्टवर चालणारा हवेचा पंप आणि ओढून लांब करता येणारा चाकाचा पाना. दोन्ही मिळून चार हजारांच्या आत आल्या. माझ्यासारखे हात असतील तर आधी पंप घ्या, पाना नंतर घेतला तरी चालेल.

कारण साधं आहे. हल्ली बहुतेक गाड्यांना ट्युबलेस टायर असतात. खिळा घुसला तरी तोच भोक बऱ्यापैकी बुजवून ठेवतो आणि हवा हळूहळू जाते. अशा वेळी चाक काढायची गरजच नसते. खिळा उपसायचा नाही, हवा भरायची आणि जवळचं पंक्चरचं दुकान गाठायचं. जुलैत कसारा घाट चढून इगतपुरीच्या पुढे आले आणि स्टिअरिंग डावीकडे ओढायला लागलं. टायर अर्धा बसला होता. इंजिन चालू ठेवून पंपाची वायर लायटरच्या सॉकेटमध्ये लावली, हवेच्या दाबाचा आकडा 33 पीएसआयवर ठेवला आणि काही मिनिटांत पंप आपोआप बंद झाला. तेवढ्या हवेवर घोटीपर्यंत सावकाश आले. हाताला करावं लागलं ते फक्त नळीचं टोक व्हॉल्व्हवर फिरवून बसवणं.

तेवढंही सुरुवातीला जड गेलं. काही पंपांना अंगठ्याने दाबायचा खटका असतो, तो दुखऱ्या अंगठ्याला झेपत नाही, म्हणून आट्यांचं टोक असलेलाच पंप घ्या. मात्र पंप चालल्यावर हे पितळी टोक चांगलंच तापतं, काढताना फडकं धरावं लागतं, आणि थोडी हवा निसटते. मी दोन पीएसआय जास्तच भरते. व्हॉल्व्हची धातूची टोपणं कधीकधी गंजून घट्ट बसतात. मी चारही चाकांना प्लॅस्टिकची लावून घेतली आणि त्यांवर जाड रबरबँड गुंडाळले. हे काम फुकटात झालं आणि सगळ्यात जास्त उपयोगी पडलं.

बॅटरीवरचा पंप मुद्दाम टाळला. तो चार्ज करायची आठवण ठेवावी लागते, आणि उन्हात उभ्या गाडीत बॅटरीचे हाल होतात. वायरचा पंप कर्कश वाजतो, सलग फार वेळ चालवता येत नाही, मधे गार होऊ द्यावा लागतो. मला चालतं.

आता पाना. छोट्या गाडीचे नट साधारण 100 न्यूटन-मीटरने (हे पिळाचा जोर मोजायचं माप) आवळलेले असतात असं धरा. पाना पाव मीटरचा असेल तर त्याच्या टोकाला 40 किलोचा जोर लागतो, अर्धा मीटरचा असेल तर 20 किलोचा. माझ्या मनगटांना 20 किलोही झेपत नाहीत, पण पायाला झेपतात. नटासमोर उभं राहून पान्याचा दांडा डावीकडे आडवा येईल असा बसवायचा आणि गाडीला धरून टाचेने हळूहळू भार द्यायचा. उड्या मारायच्या नाहीत, पाना सटकतो. आणि हे सगळं जॅक लावायच्या आधी, चाक जमिनीवर असतानाच.

पण दुकानात हवेच्या गनने नट ठोकून आवळले असतील तर हा हिशेब कोलमडतो. एका दुकानातून आल्यावर घराच्या अंगणात मी नट सोडवून पाहिले, एकही हलला नाही. तेव्हापासून शेवटचं आवळणं हातपान्याने करा, असं मी दुकानात उभी राहून सांगते. तुम्हीही सांगा, संकोच करू नका.

चाक उचलणं हा माझ्यासाठी अजूनही सगळ्यात अवघड भाग आहे. स्टेपनी पंधरा किलोच्या घरात जाते. डिकीतून ती मी उचलत नाही, काठावर टेकवून घरंगळत खाली घेते. गाडी जॅकवर गरजेपुरतीच वर घेते, म्हणजे चाक दोनेक सेंटिमीटरच उचलावं लागतं. मग जमिनीवर बसून टायरखाली पान्याचा दांडा घालायचा आणि तरफेसारखा वर करायचा. माझ्या गाडीला बाहेर आलेले स्टड, म्हणजे ज्यांवर नट बसतात ते आट्यांचे दांडे आहेत, त्यांवर चाक अडकतं. ज्या गाड्यांना स्टडऐवजी बोल्ट असतात तिथे चाक धरूनच ठेवावं लागतं, ते एकट्या अधू माणसाचं काम नाही.

गाडीसोबत आलेला कात्री जॅकच ठेवला. त्याला फेरे खूप लागतात, पण प्रत्येक फेरा हलका असतो. बाटलीसारखा हायड्रॉलिक जॅक बसलेल्या टायरच्या गाडीखाली उंचीमुळे शिरतच नाही.

नवी गाडी घेणाऱ्यांनी एक बघावं. ऑक्टोबर 2020 पासून ट्युबलेस टायर, दुरुस्ती किट आणि हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा असेल तर स्टेपनी न देण्याची मुभा कंपन्यांना आहे. किटमधल्या टोच्याने भोक मोठं करून पट्टी घुसवायला भरपूर ताकद लागते, मला ते जमत नाही. दाब दाखवणारी यंत्रणा मात्र जरूर घ्या, टायर पूर्ण बसण्याआधी कळतं.

टायरची बाजूची भिंत फाटली असेल किंवा टायर रिमवरून सुटला असेल तर पंप काहीच करू शकत नाही. तेव्हा राष्ट्रीय महामार्गावर 1033 ला फोन करायचा, कठड्यापलीकडे उभं राहायचं आणि हात लावायचा नाही.