किकॅड का ईझीईडीए, आणि बोर्ड शेन्झेनला का इथेच?

परफ बोर्डावर (भोकांच्या तयार पाटीवर) वायरी ओढून कंटाळलेल्या आणि आता रीतसर पीसीबी (छापील सर्किटचा बोर्ड) काढायच्या बेतात असलेल्यांसाठी हा आढावा आहे. किकॅड आणि ईझीईडीए ही पीसीबी आखायची दोन सॉफ्टवेअर, आणि शेन्झेन हे बोर्डांच्या कारखान्यांचे चिनी शहर. लेयर, व्हाया, सोल्डर मास्क म्हणजे काय हे वाचणाऱ्याला माहीत आहे असे धरले आहे. फीचरच्या याद्या दोन्ही सॉफ्टवेअरच्या संकेतस्थळांवर आहेत, त्या इथे पुन्हा देत नाही.

तुलना हवेत होऊ नये म्हणून एक नमुना बोर्ड समोर ठेवू. गच्चीवरच्या टाकीची पातळी पाहून पंप चालू-बंद करणारा कंट्रोलर. त्यात ईएसपी३२ चा डेव्हकिट (वाय-फाय असलेला मायक्रोकंट्रोलरचा तयार बोर्ड), ५ व्होल्टचे दोन निळे रिले, ते चालवायला बीसी५४७ ट्रान्झिस्टर, सेन्सरच्या वायरींसाठी ८ पिनांचे स्क्रू टर्मिनल आणि २३० व्होल्टवरून ५ व्होल्ट देणारे हाय-लिंकचे मॉड्यूल. दोन लेयर, १०० बाय ९० मिमी. छंदातले बरेचसे बोर्ड साधारण याच जातीचे असतात.

ईगल या जुन्या पीसीबी सॉफ्टवेअरचा विषय एका दमात संपवू. अनेकांचा हात अजून त्यावरच बसलेला आहे, पण ऑटोडेस्कने २०२३ मध्येच जाहीर केले होते की ७ जून २०२६ पासून ते बंद. शिवाय मोफत आवृत्तीला ८० चौरस सेंटिमीटरची मर्यादा होती; आपला ९० चौरस सेंटिमीटरचा बोर्ड तिथे बसलाच नसता. जुन्या फाइली किकॅडमध्ये आयात होतात. नव्याने शिकायला घेऊ नका.

आता ईझीईडीए. पहिला बोर्ड काढण्याचा याहून सोपा रस्ता मला माहीत नाही. ब्राउझर उघडा, खाते काढा, काम सुरू. डेस्कटॉपवर चालणारी आवृत्तीही आहे. एलसीएससी हे सुट्या भागांचे दुकान, जेएलसीपीसीबी हा बोर्डांचा कारखाना आणि हे सॉफ्टवेअर एकाच घरातले, त्यामुळे सर्किटमध्ये भाग टाकतानाच त्याचा साठा आणि भाव दिसतो. काम संपले की एका बटणावर ऑर्डरचे पान उघडते. भाग बसवूनच बोर्ड मागवणार असाल तर हा फायदा फार मोठा आहे. किकॅडमधून तीच फाइल पाठवली तर सॉट-२३ किंवा एसओआयसी आकाराचे भाग कधी ९०, कधी १८० अंशांनी फिरलेले दिसतात, कारण फूटप्रिंटची (भाग बसायच्या पॅडांच्या बोर्डावरच्या आराखड्याची) शून्य दिशा दोन्हीकडे वेगळी धरलेली असते. ऑर्डरच्या पानावरच्या चित्रात प्रत्येक चिपचा पहिला पिन डोळ्यांनी तपासावा लागतो. ईझीईडीएमध्ये ही कटकट जवळजवळ नाही.

किकॅडची सुरुवात १९९२ मध्ये फ्रान्समध्ये झाली, पुढे सर्न या युरोपीय संशोधन संस्थेनेही त्याला हातभार लावला, आणि ते मुक्त सॉफ्टवेअर आहे. यातले आपल्या उपयोगाचे एवढेच, की उद्या कोणी भाव बदलून किंवा दुकान बंद करून तुमच्या फाइली अडकवू शकत नाही. फाइली साध्या मजकुराच्या असतात, त्यामुळे गिटमध्ये (बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात) ठेवल्या की कोणता ट्रॅक कधी हलवला हेही सापडते. कमी बाजू म्हणजे इन्स्टॉलेशन काही गिगाबाइटचे आहे, भाव-साठा काही दिसत नाही, आणि नव्या आवृत्तीत जपलेली फाइल जुन्या आवृत्तीत उघडत नाही. दोघे मिळून काम करणार असाल तर आधी आवृत्ती ठरवून घ्या.

इथपर्यंत पारडे ईझीईडीएकडेच झुकते आहे. ते उलटवणारी गोष्ट वरवर क्षुल्लक आहे.

ईझीईडीएमध्ये सर्किटवर भाग ठेवता तेव्हा तुम्ही बहुधा एक विशिष्ट माल निवडत असता. १० किलोओहमचा ०६०३ मापाचा रेझिस्टर म्हणजे एलसीएससीचा सी२५८०४, ३.३ व्होल्टचा एएमएस१११७ रेग्युलेटर म्हणजे सी६१८६. क्रमांकाबरोबर फूटप्रिंटही चिकटूनच येतो. माल त्याच दुकानातून येणार असेल तर हे झकास. पण आपले भाग येतात मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून, नाहीतर पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून. तिथे टर्मिनल ‘ग्रीनवाला, आठ पिन’ एवढ्याच ओळखीवर मिळते, पिशवीवर कुठलाही सी-क्रमांक नसतो. मग स्क्रीनवरचा फूटप्रिंट एका कारखान्याच्या मालाचा आणि हातातला भाग दुसऱ्याच्याच मालाचा, असे होते. फूटप्रिंट बदलता येतो, तो पर्याय आहे. पण बदलायला हवा हे सांगणारा थांबा वाटेत नाही. शोधात वापरकर्त्यांनी टाकलेले फूटप्रिंटही येतात. त्यातले चांगले कोणते, हे नावावरून कळत नाही.

आठ पिनांचे हे टर्मिनलच घ्या. बाजारात पिनांमधले अंतर ५.०० मिमी असलेलेही मिळते आणि ५.०८ चेही. दोन पिनांना हा फरक जाणवत नाही. आठ पिनांना मधली सात अंतरे, सात गुणिले ०.०८, म्हणजे शेवटच्या पिनाशी ०.५६ मिमीची चूक. टर्मिनल बसत नाही, दाबून बसवले तर पॅड उचकटतो.

डेव्हकिटची गोष्ट याहून वाईट. ३० पिनांचे आणि ३८ पिनांचे असे दोन तर आहेतच, पण एकाच पिनसंख्येत दोन रांगांमधले अंतरही बनवणाऱ्यागणिक बदलते. ‘ईएसपी३२ डेव्हकिट’ या नावाचा तयार फूटप्रिंट उचलणे म्हणजे लॉटरी आहे. हातातला बोर्ड व्हर्नियरने मोजा, (३० पिनांचा असेल तर) १५ पिनांच्या दोन सुट्या फीमेल हेडरचे फूटप्रिंट घ्या आणि मोजलेल्या अंतरावर ठेवा. अँटेनाच्या टोकाखाली दोन्ही लेयरवर तांबे नको. तिथे कीपआउट आखा, नाहीतर वाय-फायचा पल्ला घटतो.

किकॅडमध्ये चिन्ह आणि फूटप्रिंट मुळातच वेगळे असतात. सर्किट काढून झाल्यावर ‘असाइन फूटप्रिंट्स’ ही खिडकी उघडून बहुतेक भागांना फूटप्रिंट आपण नेमायचा असतो. नवखे याच पायरीवर वैतागतात आणि अनेक जण तिथूनच ईझीईडीएकडे वळतात. माझ्या मते किकॅड घ्यायचे सर्वांत मोठे कारण हीच पायरी. भाग टेबलावर आणून ठेवल्याशिवाय ती नीट पार पडत नाही. यादीतल्या नावातच मापे लिहिलेली असतात. पाच मिमीचे टर्मिनल आणि ५.०८ चे, दोन्ही शेजारी-शेजारी दिसतात, आणि माणूस व्हर्नियर हातात घेतो.

निळ्या रिलेसाठी ‘रिले टीएचटी’ लायब्ररीत सान्यौ एसआरडी मालिकेचा फूटप्रिंट आहे. बाजारात सगळीकडे मिळणारा साँगलचा एसआरडी-०५व्हीडीसी-एसएल-सी त्यावरच बसतो. बीसी५४७ साठी साधा टीओ-९२ इनलाइन फूटप्रिंट घेऊ नका, त्यात पॅड १.२७ मिमीवर असतात आणि साध्या सोल्डरिंग गनने दोन पॅड जोडले जातातच. त्याच यादीतला ‘वाइड’ घ्या. एसएमडी (बोर्डाच्या पृष्ठभागावर बसणारे) भाग हाताने लावणार असाल तर ०८०५ चा ‘हँडसोल्डर’ प्रकार, त्यात पॅड थोडे लांब असतात.

भोकांचा हिशेबही इथेच करून घ्यावा. हेडरचा पिन चौकोनी, ०.६४ मिमीचा, म्हणजे कर्ण ०.९, भोक १.० ठेवा. १एन४००७ डायोडची तार सुमारे ०.८, भोक १.१. स्क्रू टर्मिनलचा पिन १ मिमीच्या आसपास असतो, त्याला १.३ द्या. कारखाना तयार भोकात थोडी उणीव धरून चालतो, त्यामुळे नेमके मापाचे भोक हमखास घट्ट होते. मोठे भोक सोल्डरने भरून निघते, छोट्या भोकाला इलाज नाही. ड्रिलने मोठे केले की आतले तांबे निघून वरचा-खालचा लेयर तुटतो.

हाय-लिंकबद्दल थोडे विषयांतर. सगळे जण एचएलके-पीएम०१ लावतात. तो ३ वॅटचा, म्हणजे ६०० मिलिअँपिअर. दोन रिलेंच्या कॉइल मिळून सुमारे १४० घेतात, त्यात वाय-फायचे झटके. चालतो, पण काठावर. ५ वॅटचा एचएलके-५एम०५ घेतलेला बरा; त्याचा आकार आणि फूटप्रिंट वेगळा आहे, आणि किकॅडच्या मूळ लायब्ररीत दोन्ही आहेत. २३० व्होल्टचे ट्रॅक आणि ५ व्होल्टची बाजू यांत किमान ६ मिमी ठेवा, जिथे ते जमत नाही तिथे, विशेषतः रिलेखाली, बोर्डात २ मिमी रुंदीची फट कापा. आणि रिलेवर १० अँपिअर लिहिलेले असले तरी एक अश्वशक्तीचा पंप त्यावर थेट लावू नका. सुरू होतानाचा प्रवाह कित्येक पट असतो, संपर्क चिकटून बसतात आणि टाकी वाहत राहते. रिलेने काँटॅक्टरची (जड प्रवाहाच्या मोठ्या रिलेची) कॉइल चालवा, पंप काँटॅक्टरवर.

बोर्ड कुठे बनवायचा? जेएलसीपीसीबीच्या जाहिरातीत १०० बाय १०० मिमीचे पाच बोर्ड दोन डॉलरला असतात, आणि पीसीबीवे हा कारखानाही त्याच पंगतीतला. कामाचा दर्जा उत्तम. पण भारतात बोर्ड हातात पडेपर्यंतचे बिल वेगळेच. कुरिअरचा खर्च बोर्डापेक्षा जास्त, त्यावर आयातीचा कर (आयजीएसटी १८ टक्के), कुरिअर कंपनीने आधी भरलेल्या करावरची तिची फी, आणि सुटका करायला केवायसीची कागदपत्रे. नेमका आकडा पार्सल येईपर्यंत कळत नाही. स्वस्त टपालसेवा निवडली तर तारीखही कळत नाही.

देशात बंगळुरूचे लायन सर्किट्स, गुजरातचे पीसीबी पॉवर असे ऑनलाइन भाव देणारे कारखाने आहेत, शिवाय मोठ्या शहरांच्या औद्योगिक वसाहतींत छोटे कारखानदार. चौरस सेंटिमीटरचा भाव शेन्झेनपेक्षा जास्त पडतो, पण दिसतो तोच भाव, जीएसटी धरून. शंका असेल तर फोन उचलला जातो. छोट्यांकडे दोन गोष्टी आधी विचारा. एक, बेअर बोर्ड टेस्ट (भाग लावण्याआधीची बोर्डाची विद्युत तपासणी) भावात आहे की वेगळी. दुसरी, बोर्डातली फट रूट करून (कापून) देणार का. २३० व्होल्टच्या बोर्डावर ती फट राहून गेली तर बोर्ड टाकून द्यावा लागतो, म्हणून ऑर्डरच्या टीपेत तिचे स्थान शब्दांत लिहा.

तेव्हा नमुन्यातल्या बोर्डासारखा, थ्रू-होल (पाय भोकातून जाणाऱ्या) भागांचा, एक-दोन नग हवे असलेला बोर्ड असेल तर मी इथलाच कारखाना सुचवीन. बारीक एसएमडी भाग कारखान्यातच बसवून हवे असतील तर शेन्झेनला पर्याय शोधत बसू नका. तिथे ‘बेसिक’ यादीतले भाग वापरा. ‘एक्सटेंडेड’ यादीतल्या प्रत्येक प्रकारामागे सुमारे तीन डॉलर जास्त लागतात, आणि पाच बोर्डांच्या ऑर्डरीत तेच बिल फुगवतात. किकॅडवाल्यांसाठी ‘फॅब्रिकेशन टूलकिट’ हे प्लगइन आहे, भागांची यादी आणि जागांची फाइल ते एकत्र काढून देते.

डिझाइनचे नियम कुठल्याही कारखान्याला झेपतील असे ठेवा, म्हणजे कारखाना बदलायची मोकळीक राहते. सिग्नलचे ट्रॅक ०.२५ मिमी, अंतरही ०.२५, व्हायाचे भोक ०.४ आणि पॅड ०.८. जेएलसीपीसीबी याच्या निम्म्यापर्यंत जाऊ शकते, पण ८ पिनांच्या टर्मिनलच्या बोर्डाला त्याची गरज नाही.

किकॅडमधून गर्बर (कारखान्याला द्यायच्या फाइली) काढताना गडबड होते ती ठरलेल्या तीन जागी. ‘बी’ दाबून तांब्याचे झोन पुन्हा भरले नाहीत तर शेवटचे बदल ग्राउंडमध्ये उतरत नाहीत. एज कट्सची (बोर्डाच्या कडेची) रेघ कुठे जरी तुटली असेल तर कारखान्याला कड सापडत नाही. आणि गर्बरला ड्रिलचा ओरिजिन (मापांचा शून्यबिंदू) लावला व ड्रिल फाइलला ॲब्सोल्यूट ठेवला, तर सगळी भोके पॅडपासून सरकलेली जातात. दोन्हीकडे एकच ओरिजिन, ड्रिल फाइल मिलिमीटरमध्ये, झिप करून पुन्हा गर्बर व्ह्यूअरमध्ये उघडून पाहा. सात फाइली लागतात: वर-खालचे तांबे, वर-खालचा मास्क, वर-खालचा सिल्क (छापील अक्षरे), कड. त्याशिवाय ड्रिल.

आधीच ईझीईडीएमध्ये चार बोर्ड काढून बसला असाल तर घाई करू नका. हात बसला आहे तोवर तिथेच काम करा, फक्त टर्मिनल, रिले आणि डेव्हकिटचे फूटप्रिंट स्वतः मोजून बनवा. किकॅडच्या ८ व्या आवृत्तीपासून ईझीईडीएचे स्टँडर्ड आणि प्रो दोन्ही प्रकल्प थेट उघडतात. उघडल्यावर झोन पुन्हा भरा, डीआरसी (डिझाइनच्या नियमांची तपासणी) चालवा आणि भोकांची मापे एकदा नजरेखालून घाला.